तोलेदो तलवार

तोलेदो तलवार (स्पॅनिश: एस्पादा तोलेदाना) ही मध्य स्पेनमधील तोलेदो या शहरात घडवली जाणारी पोलादी पात्याची तलवार होय. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सतराव्या शतकापर्यंत या पात्यांना युरोपभर मोठी मागणी होती. कठीण धार आणि लवचीक अंग हे सहसा एकमेकांच्या आड येणारे गुण एकाच पात्यात साधणे, हे तेथील कारागिरांचे वैशिष्ट्य मानले जाते. या कीर्तीमुळे ‘तोलेदो’ हे नाव स्वतःच विकाऊ झाले आणि इतर देशांतील लोहार ते आपल्या पात्यांवर कोरू लागले. त्यामुळे आज जगभरच्या संग्रहांत तोलेदोचे नाव असलेली जी जुनी पाती आढळतात, त्यांतील अनेक तोलेदोची नाहीत. एखादे पाते अस्सल की बनावट हे ठरवताना त्यावरील अक्षरांपेक्षा त्याच्या घडणीकडे अधिक पाहावे लागते.

नाव व व्याप्ती

‘तोलेदो तलवार’ ही संज्ञा मुख्यतः पात्याला उद्देशून वापरली जाते, संपूर्ण शस्त्राला नव्हे. तोलेदोचे लोहार घडवून, पाणी देऊन व तपासून तयार झालेले पाते विकत. मूठ बसवणारे, म्यान करणारे आणि पट्टे शिवणारे कारागीर वेगळे असत. पुष्कळ पाती मुठीविनाच परदेशी जात आणि तेथे स्थानिक पद्धतीची मूठ बसवून वापरली जात. म्हणून इटालियन किंवा जर्मन मुठीत तोलेदोचे पाते, तसेच अस्सल स्पॅनिश मुठीत जर्मन पाते, असे दोन्ही प्रकार सर्रास आढळतात.

स्पेनमध्ये तलवारी घडवणारे तोलेदो हे एकमेव शहर नव्हते. वालेन्सिया, सारागोसा, सेविया आणि बिल्बाओ येथेही हा व्यवसाय होता. इंग्रजीत स्पॅनिश धाटणीच्या तलवारीला ‘बिल्बो’ म्हणत, ते बिल्बाओ बंदराच्या नावावरून. तथापि या सर्वांची कीर्ती पुढे तोलेदोच्या नावात विलीन झाली.

प्राचीन पूर्वपीठिका

आयबेरियन द्वीपकल्पातील तलवारींची ख्याती तोलेदोच्या उत्कर्षाच्या दीड-दोन हजार वर्षे आधीची आहे. इसवी सनपूर्व पाचव्या ते पहिल्या शतकांच्या दरम्यान तेथील आयबेरियन जमाती एक आत वळलेली, एकधारी तलवार वापरत. तिचे पाते टोकाकडे रुंद होत जाई व टोकाजवळ दोन्ही बाजूंनी धार असे. मूठ घोड्याच्या किंवा पक्ष्याच्या डोक्याच्या आकाराची असून बोटांभोवती वळून येई. या तलवारीला आज ‘फाल्काता’ म्हणतात. हे नाव मात्र प्राचीन नाही, ते एकोणिसाव्या शतकातील स्पॅनिश अभ्यासक फुल्होसियो यांनी रूढ केले. कोर्दोबा प्रांतातील आल्मेदिनिया येथे सापडलेली, चांदीच्या तारेची नक्षी जडवलेली फाल्काता प्रसिद्ध असून ती माद्रिदच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे. काही फाल्कातांची पाती तीन पत्रे एकमेकांवर ठेवून, तापवून व ठोकून एकजीव केलेली असत आणि मधला पत्रा वाढवून त्याचाच मुठीचा गाभा केलेला असे. वेगवेगळ्या थरांचे पाते करण्याची ही कल्पना पुढे तोलेदोच्या पात्यांतही निराळ्या रूपात दिसते.

मध्य स्पेनमधील केल्तिबेरियन लोक सरळ, दुधारी व टोकदार तलवारी वापरत. दुसऱ्या प्युनिक युद्धाच्या काळात रोमन सैन्याने हा नमुना स्वीकारला, आणि ‘ग्लादियुस हिस्पानिएन्सिस’ म्हणजे ‘स्पॅनिश तलवार’ या नावाने ती रोमन पायदळाचे प्रमुख शस्त्र बनली. ग्रीक इतिहासकार पोलिबियस याने तिच्या भोसकण्याच्या व कापण्याच्या दुहेरी उपयोगाची नोंद केली आहे. दिओदोरस सिक्युलस लिहितो की, केल्तिबेरियन लोक लोखंडाचे पत्रे जमिनीत पुरून ठेवत, त्यातील कमकुवत भाग गंजून गेल्यावर उरलेल्या चिवट लोखंडाच्या तलवारी करत. या कथनात वस्तुस्थिती किती आणि ऐकीव किती, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत.

फिलोन या बायझँटियमच्या ग्रीक यंत्रशास्त्रज्ञाची इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकातील नोंद अधिक बोलकी आहे. या भागातील तलवार तपासताना माणूस उजव्या हाताने मूठ व डाव्या हाताने टोक धरी, पाते डोक्यावर आडवे ठेवी आणि दोन्ही टोके खांद्यांना टेकेपर्यंत खाली ओढी. हात सोडताच पाते पूर्ववत सरळ झाले पाहिजे, अशी अट असे. पाते वाकवून सरळ होते की नाही हे पाहण्याची ही रीत तोलेदोत अठराव्या शतकानंतरही टिकून होती, तेव्हा लवचीकतेचा हा आग्रह तेथील परंपरेत किती खोल रुजलेला होता याची कल्पना येते.

खुद्द तोलेदोचा उल्लेख लॅटिन कवी ग्रातियस याच्या शिकारीविषयक काव्यात येतो. शिकाऱ्याने कमरेला तोलेदोचा सुरा बांधावा, असे तो सुचवतो. मात्र त्या काळी शस्त्रांसाठी अधिक नावाजलेले गाव होते बिल्बिलिस, म्हणजे आजच्या कालातायुद शहराजवळचे स्थळ. तेथे जन्मलेला कवी मार्शियालिस आपल्या गावच्या सालो (आजची हालोन) नदीच्या थंड पाण्याचा अभिमानाने उल्लेख करतो. थोरला प्लिनी तर बिल्बिलिस व तुरियासो या गावांचे उदाहरण देऊन सांगतो की, तेथे लोखंडाच्या खाणी नसतानाही केवळ पाण्यामुळे त्यांच्या लोखंडाला नाव मिळाले. पुढे तोलेदोच्या बाबतीत ताहो नदीच्या पाण्याची जी आख्यायिका पसरली, तिचे मूळ या जुन्या समजुतीत शोधता येते.

मुस्लिम राजवटीचा वारसा

इसवी सन ७११ नंतर द्वीपकल्पाचा मोठा भाग मुस्लिम सत्तेखाली आला. तोलेदो १०८५ मध्ये कॅस्टिलचा राजा सहावा आल्फोन्सो याने घेतले, तरी शहरातील मुस्लिम व ज्यू कारागीर तेथेच काम करत राहिले. या मिश्र परंपरेचा सर्वांत देखणा आविष्कार म्हणजे ग्रानादाच्या नास्रिद राज्यातील ‘हिनेता’ तलवार. सरळ दुधारी पाते, लहान मूठ, गोलसर मोगरा आणि पात्याकडे झुकून जवळजवळ त्याला समांतर होणाऱ्या आडव्या दांड्या, ही तिची ओळख होय. या दांड्यांची टोके पुष्कळदा प्राण्यांच्या मुखांची असतात. मुठीवर हस्तिदंत, सोन्याचा मुलामा दिलेली चांदी, बारीक तारकाम व रंगीत मिनाकाम केलेले असे, आणि त्यात ‘ईश्वराखेरीज कोणी विजेता नाही’ हे नास्रिद घराण्याचे ब्रीद अरबी अक्षरांत गुंफलेले असे. ग्रानादाचा अखेरचा सुलतान बाराव्या मुहम्मदाची (बोआब्दिल) तलवार १४८३ च्या लुसेनाच्या लढाईत तो कैद झाला तेव्हा ख्रिस्ती सैन्याच्या हाती पडली. ती आज तोलेदोच्या आल्कासारमधील लष्करी संग्रहालयात आहे.

तोलेदोच्या नामवंत लोहारांपैकी ज्याचे नाव सर्वांत आधी घेतले जाते, तो हुलियान देल रेय हाही परंपरेनुसार धर्मांतरित मुस्लिम होता. तो पंधराव्या शतकाच्या अखेरीस तोलेदो व सारागोसा येथे काम करत असे. त्याच्या पात्यांवर लहान कुत्र्याची मुद्रा असे. तिला ‘पेरिय्यो’ म्हणजे ‘छोटे कुत्रे’ म्हटले जाई. ही मुद्रा इतकी परिचित होती की, सर्व्हान्टेसने १६१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘दोन किहोते’च्या दुसऱ्या भागात नायकाच्या तलवारीची थट्टा करताना तिचा उल्लेख केला आहे: नायकाची तलवार काही त्या कापणाऱ्या कुत्राछाप तलवारींपैकी नव्हती. खुलासा न करता असा विनोद करता येतो, याचा अर्थ सामान्य वाचकालाही ही मुद्रा ठाऊक होती.

पाते घडवण्याची पद्धत

तोलेदोतील घडणीचे जुने लोहारांनी स्वतः लिहिलेले वर्णन प्रसिद्ध नाही. हे ज्ञान बापाकडून मुलाकडे, उस्तादाकडून उमेदवाराकडे तोंडी जाई. या विषयावरील मुख्य आधार म्हणजे फ्रान्सिस्को दे सान्तियागो पालोमारेस या तोलेदोच्या विद्वानाने १७६२ मध्ये लिहिलेले टिपण. त्या वेळी जुना उद्योग जवळजवळ संपला होता. पालोमारेसने ९९ लोहारांच्या मुद्रांचीही यादी केली आणि ती आजही संग्राहकांचा पहिला आधार आहे, जरी ती पूर्ण किंवा सर्वत्र निर्दोष मानली जात नाही.

पोलाद तोलेदोचे नव्हते. ते उत्तरेकडील बास्क प्रदेशातून, मुख्यतः मोन्द्रागोन परिसरातून येई. तेथील खनिजात मँगेनीजचा अंश असल्याने त्यापासून चांगले पोलाद मिळे. लोहार या पोलादाच्या दोन पट्ट्या घेऊन त्यांच्यामध्ये मऊ लोखंडाची एक पट्टी ठेवत. या मधल्या पट्टीला ‘आल्मा’ म्हणजे ‘आत्मा’ म्हणत. तिन्ही पट्ट्या भट्टीत पांढऱ्या उष्णतेपर्यंत तापवून ऐरणीवर ठोकल्या जात आणि एकजीव होत. ठोकण्यापूर्वी तापलेल्या धातूवर ताहो नदीकाठची बारीक पांढरी वाळू टाकत. वाळूतील सिलिका पृष्ठभागावरील लोहभस्माशी संयोग पावून काचेसारखा पातळ मळ तयार करते, आणि घणाचा घाव बसताच तो मळ बाहेर फेकला जाऊन धातूचे स्वच्छ पृष्ठभाग एकमेकांना भिडतात. म्हणजे वाळूचा उपयोग खरा होता, पण त्यासाठी ती ताहोचीच असणे आवश्यक नव्हते.

या रचनेमागील विचार सोपा आहे. कर्बयुक्त पोलाद पाणी दिल्यावर फार कठीण पण ठिसूळ होते, तर मऊ लोखंड पाण्याने फारसे कठीण होत नाही. बाहेर पोलाद व आत लोखंड ठेवल्याने धार टिकाऊ राहते आणि घाव बसल्यावर पाते तुटण्याऐवजी वाकते. सगळेच पाते पोलादाचे केले असते तर उत्तम धार मिळाली असती, पण एखाद्या चकमकीत त्याचे दोन तुकडे झाले असते.

पाते ठोकून आकारास आल्यावर ते घासून समतल केले जाई आणि मगच त्याला पाणी दिले जाई. मराठीतही उत्तम शस्त्राला ‘पाणीदार’ म्हणतात, तेव्हा या टप्प्याचे महत्त्व वेगळे सांगण्याची गरज नाही. पालोमारेसच्या वर्णनानुसार पात्याच्या लांबीचे पाच भाग कल्पून टोकाकडील चार भाग निखाऱ्यांत ठेवत आणि मुठीजवळचा पाचवा भाग आगीबाहेर राखत. तापलेल्या भागाला चेरीच्या फळासारखा तांबडा रंग येताच पाते टोक खाली करून उभेच्या उभे ताहोच्या पाण्याने भरलेल्या लाकडी पिंपात सोडले जाई. आडवे किंवा तिरके सोडल्यास एक बाजू आधी थंड होऊन पाते वाकडे होण्याचा धोका असे. थंड झाल्यावर काही वाक आला असल्यास तो हलक्या हाताने काढत. त्यानंतर न तापवलेला मुठीकडचा भाग आगीवर धरत, त्याला काळपट-तपकिरी, यकृताच्या रंगाची छटा आली की पाते काढून त्यावर मेंढीची कच्ची चरबी चोळत आणि ते टोक वर करून भिंतीला टेकवून आपोआप थंड होऊ देत.

धातुशास्त्राच्या दृष्टीने यात दोन क्रिया घडतात. पहिल्या थंडाव्याने पोलाद अतिकठीण होते, आणि नंतरच्या मंद उष्णतेने त्यातील ठिसूळपणा कमी होतो. मुठीजवळचा भाग जाणूनबुजून मऊ ठेवल्यामुळे प्रतिस्पर्ध्याच्या घावाचा धक्का जेथे सर्वाधिक बसतो, तेथे पाते तडकत नाही. उष्णतामापक नसताना रंगावरून तापमान ओळखणे हेच खरे कौशल्य होते. काही लेखकांच्या मते लोहार यासाठी अंधारात, पहाटे किंवा रात्री काम करत, कारण उन्हात तांबड्या रंगाच्या छटा नीट कळत नाहीत. हे कारण तर्कशुद्ध आहे, मात्र या प्रथेभोवती गूढतेचे जे वलय निर्माण झाले, ते बहुतांशी एकोणिसाव्या शतकातील प्रवासवर्णनांतून आले आहे.

ताहोच्या पाण्याबद्दलही असेच म्हणता येते. नदी शहराला तीन बाजूंनी वळसा घालते, त्यामुळे थंड व स्वच्छ पाणी हाताशी होते. पण पाण्यात एखादा विशेष गुण असल्याचे सिद्ध झालेले नाही. शेक्सपियरच्या ‘ऑथेल्लो’ नाटकाच्या अखेरच्या प्रसंगातही नायक आपल्या स्पॅनिश तलवारीला बर्फाळ ओढ्याचे पाणी दिल्याचे सांगतो, म्हणजे ही समजूत इंग्लंडपर्यंत पोचली होती. लोहारांना ती नाकारण्याचे कारण नव्हते. पट्ट्यांची जुळणी आणि रंगाची पारख दुसऱ्या गावी नेता येते, नदी नेता येत नाही, आणि ग्राहकाला हेच पटवून देणे त्यांच्या हिताचे होते.

शेवटी चाचणी होई. पाते भिंतीवर किंवा शिशाच्या तुकड्यावर टेकवून दोन्ही बाजूंना कमानीसारखे वाकवत आणि ते सरळ होते का ते पाहत. मग लोखंडी शिरस्त्राणावर जोराने घाव घालून धार मुडपते का, हे तपासत. या कसोट्यांना न उतरणारे पाते बाद होई.

मूठ व एकूण रचना

पाते सोळाव्या शतकापासून कसे बदलत गेले, हे समजण्यासाठी तलवारीचा उपयोग कसा बदलला हे पाहणे आवश्यक आहे. मध्ययुगीन तलवार चिलखताविरुद्ध रणांगणावर वापरण्यासाठी होती. पंधराव्या शतकात नागरी पोशाखासोबत कमरेला लावायची हलकी तलवार प्रचारात आली. तिला ‘एस्पादा रोपेरा’ म्हणजे ‘कपड्यांची तलवार’ म्हटले जाई. हे नाव १४६८ च्या एका सरदाराच्या वस्तुयादीत आढळते. ‘रेपियर’ हा युरोपभर रूढ झालेला शब्द याच नावावरून आला, असे सामान्यतः मानले जाते.

रोपेराचे पाते लांब, अरुंद व भोसकण्यासाठी योग्य असे. तिची लांबी वाढतच गेली. लांब पात्याचा माणूस समोरच्याला आपल्या टप्प्यात येण्यापूर्वीच गाठू शके, त्यामुळे स्पर्धेला अंत नव्हता. अखेर दुसऱ्या फेलिपे राजाने १५६४ मध्ये फर्मान काढून पात्याची लांबी पाच कुआर्तांपुरती, म्हणजे सुमारे १०४ सेंटिमीटरपर्यंत, मर्यादित केली. अशा तलवारीचे वजन सामान्यतः १ ते १.३ किलोग्रॅम असे. चित्रपटांतून दिसते तितकी ती हलकी नव्हती.

हाताचे मोजे लोखंडी नसल्यामुळे बोटांचे रक्षण मुठीनेच करावे लागे. म्हणून सोळाव्या शतकात आडव्या दांड्यांना कड्या व वेटोळी जोडून ‘लासो’ म्हणजे गुंफलेली मूठ तयार झाली. सतराव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास तिची जागा ‘तासा’ म्हणजे वाटीच्या मुठीने घेतली, आणि हीच स्पॅनिश तलवारीची सर्वांत ओळखीची रचना ठरली. अर्धगोलाकार पोलादी वाटी पात्याकडे उपडी बसवलेली असते आणि तिच्या आत मूठ धरणारा हात सुरक्षित राहतो. वाटीच्या तळाला जाळीदार कोरीव काम असते, पण ही जाळी केवळ शोभेसाठी नसते. तिच्यामुळे वजन घटते, आणि छिद्रे इतकी लहान ठेवलेली असतात की पात्याचे टोक आत शिरू नये. वाटीची कड बाहेरच्या बाजूस वळवलेली असते. तिला ‘रोम्पेपुन्तास’ म्हणजे ‘टोके मोडणारी’ म्हणतात. प्रतिस्पर्ध्याचे टोक वाटीवरून घसरत हाताकडे येऊ लागले तर ते या कडेत अडकते. वाटीच्या आत ‘ग्वार्दापोल्वो’ नावाची लहान नक्षीदार चकती असते. वाटीच्या वर लांब, सरळ आडव्या दांड्या, बोटांपुढून मोगऱ्याकडे जाणारी परज आणि तारेने गुंडाळलेली मूठ, असा हा सारा सांगाडा असतो. वापरताना तर्जनी आडव्या दांडीवरून पुढे टाकून पात्याच्या धार नसलेल्या चौकोनी भागावर, म्हणजे ‘रेकासो’वर, टेकवली जाई. त्यामुळे टोकावर अधिक ताबा येई.

ही रचना स्पेनमधील तलवारबाजीच्या ‘वेर्दादेरा देस्त्रेसा’ (खरे कौशल्य) या पंथाशी जुळणारी होती. हेरोनिमो सान्चेस दे कारान्सा याने १५८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात आणि त्याचा अनुयायी लुईस पाचेको दे नार्वाएस याने १६०० मधील ग्रंथात तलवारीच्या हालचाली भूमितीच्या आधाराने मांडल्या. या पंथात हात सरळ पुढे ठेवून पात्याने पात्याला भिडण्यावर भर असे. लांब दांड्या व खोल वाटी यांचा अशा लढतीत उपयोग होई. डाव्या हातात अनेकदा ‘दागा दे व्हेला’, म्हणजे शिडाच्या आकाराचे त्रिकोणी आवरण असलेली कट्यार, धरली जाई. तिची घडण तलवारीच्या वाटीशी जुळणारी असे. अशी मूळ जोडी एकत्र टिकून राहिली असल्यास तिला संग्राहकांकडे विशेष मोल असते.

वाटीच्या मुठी फक्त स्पेनमध्ये बनत नसत. नेपल्स व मिलान ही तेव्हा स्पॅनिश सत्तेखाली होती, आणि तेथील कारागिरांनी कोरीव कामात स्पेनलाही मागे टाकले. म्हणून ‘स्पॅनिश’ म्हणून प्रदर्शित केलेली अत्यंत नाजूक जाळीची वाटी इटालियन असण्याची शक्यता मोठी असते. साधी, मजबूत व थोडक्या नक्षीची वाटी स्पेनमधील सैनिकांच्या व सामान्य नागरिकांच्या कमरेला अधिक असे, पण संग्रहालयांनी ती कमी जपली.

घोडदळासाठी पुढे रुंद पात्याची व दोन शिंपल्यांच्या आकाराच्या ढालींची मूठ असलेली तलवार प्रचारात आली. १७२८ चा नमुना म्हणून ती ओळखली जाते. तिच्या अनेक पात्यांवर ‘कारणावाचून मला उपसू नकोस, मान राखल्यावाचून मला म्यान करू नकोस’ अशा आशयाचा मजकूर कोरलेला असतो.

नाममुद्रा व बनावट पाती

तोलेदोच्या लोहाराची मुद्रा दोन जागी असू शके: रेकासोवर, म्हणजे दिसेल अशी, किंवा पात्याच्या मुठीत जाणाऱ्या शेपटावर, म्हणजे मूठ काढल्याशिवाय न दिसणारी. याखेरीज पात्याच्या मधल्या पन्हळीत लोहाराचे नाव व गावाचे नाव ठळक अक्षरांत, मध्ये टिंबे व क्रूस घालून, कोरले जाई. शहराची मुद्रा ‘टी’ या अक्षरावर ‘ओ’ अशी असे आणि तिच्यावर बऱ्याचदा मुकुट दाखवलेला असे. आलोन्सो दे साआगुन, हुआन मार्तिनेस, तोमास दे आयाला आणि सेबास्तियान एर्नान्देस ही या शहरातील सर्वांत नावाजलेली नावे.

याच कारणाने या नावांचीच सर्वाधिक नक्कल झाली. जर्मनीतील सोलिंगेन हे पात्यांच्या निर्यातीचे मोठे केंद्र होते. तेथील कारागीर उत्तम पाती घडवत, पण बाजार स्पॅनिश नावाला अधिक दाम देई. म्हणून ते ‘तोमास आयाला’, ‘साआगुन’, ‘तोलेदो’ असे शब्द बिनदिक्कत कोरत. स्पॅनिश भाषा न जाणणाऱ्या हातांनी हे काम होत असल्याने त्यात शुद्धलेखनाच्या चुका होत: अक्षरे उलटी येत, नावे अर्धवट तुटत, कधी एकाच पात्याच्या दोन बाजूंवर दोन वेगळ्या लोहारांची नावे येत. अशी चूक हा बनावटीचा सर्वांत सोपा पुरावा मानला जातो. पण चूक नसणे हा अस्सलपणाचा पुरावा नाही.

यात एक गुंतागुंत आहे. सोलिंगेन व पासाऊ येथील पात्यांवर धावत्या लांडग्याची मुद्रा असे. ती ओबडधोबड कोरल्यावर हुलियान देल रेयच्या कुत्र्यासारखी दिसे. त्यामुळे लांडग्याची जर्मन पाती ‘कुत्राछाप’ म्हणून खपत आणि आजही लिलावांच्या याद्यांत ही गल्लत होते.

म्हणून अभ्यासक पात्याचा छेद, पन्हळीची खोली, रेकासोचा आकार, शेपटाची घडण आणि शेपटावरील मुद्रा यांचा एकत्र विचार करतात. ज्या शेपटावर बाहेरून न दिसणारी मुद्रा आहे, ती ग्राहकाला भुलवण्यासाठी मारलेली असण्याचा संभव कमी असतो. क्ष-किरण व सूक्ष्मदर्शकाने आतला लोखंडी गाभा दिसू शकतो. तरीही गाभा असलेली पाती इतरत्रही होत, त्यामुळे एकाच लक्षणावर निर्णय देणे योग्य ठरत नाही.

ऱ्हास व राजकीय कारखाना

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तोलेदोचा उद्योग ओसरू लागला. राजदरबार १५६१ पासून माद्रिदला गेलेला होता आणि शहराची श्रीमंती घटत होती. १७०० नंतर बूर्बों घराण्याबरोबर फ्रेंच पोशाख आला व लांब रोपेराची जागा आखूड, हलक्या दरबारी तलवारीने घेतली. युद्धातही बंदूक व संगीन यांचे महत्त्व वाढले. उस्ताद मरण पावत गेले, उमेदवार मिळेनात, आणि ज्ञान तोंडीच असल्यामुळे त्याबरोबर लोप पावले.

तिसऱ्या कार्लोस राजाने १७६१ मध्ये तोलेदोत राजकीय तलवार कारखाना सुरू करण्याचे ठरवले. त्यासाठी जुनी पद्धत जाणणारा लोहार तोलेदोतच सापडला नाही. अखेर वालेन्सियाहून लुईस कालिस्तो या वृद्ध उस्तादाला आणावे लागले. तीन शतके ज्या शहराचे नाव चोरले गेले, त्या शहराला स्वतःची विद्या बाहेरून परत आणावी लागली. पुढे वास्तुविशारद फ्रांचेस्को साबातिनी याच्या आराखड्यानुसार ताहोकाठी कारखान्याची भव्य इमारत उभी राहिली. एकोणिसाव्या व विसाव्या शतकांत तेथे स्पॅनिश सैन्यासाठी तलवारी व नंतर दारूगोळाही बनत असे. कारखाना विसाव्या शतकाच्या अखेरीस बंद झाला आणि आज तेथे कास्तिया-ला मान्चा विद्यापीठाचा परिसर आहे.

आज तोलेदोच्या गल्ल्यांत विकल्या जाणाऱ्या बहुसंख्य तलवारी पर्यटकांसाठी केलेल्या शोभेच्या वस्तू असून त्या पुष्कळदा न गंजणाऱ्या पोलादाच्या असतात. ते पोलाद भिंतीवर चांगले दिसते, पण लांब पात्यासाठी ठिसूळ ठरते. हातांनी घडवणारे मोजके कारागीर अद्याप आहेत. सोन्याची तार पोलादात ठोकून बसवण्याची ‘दामास्किनादो’ ही कला तेथे अधिक जोमाने टिकली आहे.

महाराष्ट्रातील फिरंग

सतराव्या शतकात दख्खनमध्ये युरोपीय पात्यांना मोठी मागणी होती. पोर्तुगीज व इतर युरोपीय व्यापाऱ्यांमार्फत सुटी पाती पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांत येत आणि त्यांना येथील पद्धतीची मूठ बसवली जाई. अशा सरळ तलवारीला ‘फिरंग’ म्हणत. १५८० ते १६४० या काळात पोर्तुगालचे राज्य स्पेनच्याच राजाकडे असल्याने गोव्याच्या मार्गाने स्पॅनिश पाती येण्यात राजकीय अडसर नव्हता. तथापि आलेली सर्व पाती स्पॅनिश नव्हती. जर्मन व इटालियन पातीही मोठ्या संख्येने येत, आणि वर वर्णन केलेली बनावट नावे त्यांच्यावरही असत.

छत्रपती शिवाजी महाराजांच्या तलवारी तोलेदोच्या होत्या, असे महाराष्ट्रात अनेकदा सांगितले जाते. ग्रँट डफ याने मराठ्यांच्या इतिहासावरील १८२६ च्या ग्रंथात भवानी तलवारीचे पाते जिनोव्हाचे असल्याचे लिहिले आहे. १८७५-७६ मध्ये भारतात आलेल्या प्रिन्स ऑफ वेल्सला कोल्हापूर दरबाराकडून मिळालेली, शिवाजी महाराजांची म्हणून ओळखली जाणारी तलवार ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात आहे. अनेक इतिहासकार तिला ‘जगदंबा’ असे म्हणतात. तिचे पाते सरळ व युरोपीय असून त्यावर ‘आय-एच-एस’ ही ख्रिस्ताच्या नावाची आद्याक्षरे आहेत. ही अक्षरे स्पेन, इटली व जर्मनी येथील पात्यांवर सारखीच आढळतात. केवळ त्यांच्या आधारे ते पाते तोलेदोचे ठरवता येत नाही.

संग्रह

तोलेदोच्या पात्यांचा सर्वांत मोठा व सर्वांत विश्वसनीय संच माद्रिदच्या राजवाड्यातील शस्त्रागारात आहे. पाचव्या कार्लोसच्या वैयक्तिक शस्त्रांतून या संग्रहाची सुरुवात झाली व दुसऱ्या फेलिपेने तो माद्रिदला आणला. येथील अनेक पाती थेट राजांसाठी घडवली गेली आणि जुन्या वस्तुयाद्यांत त्यांची नोंद आहे, म्हणून इतर पाती ताडून पाहण्यासाठी हाच संच वापरला जातो. १८९८ मध्ये वालेन्सिया दे दोन हुआनच्या काउंटने केलेली त्याची सूची अजूनही आधारभूत मानली जाते. तोलेदोच्या आल्कासारमधील लष्करी संग्रहालय २०१० मध्ये खुले झाले. बुर्गोस येथील संग्रहालयात एल सिदची म्हणून प्रसिद्ध असलेली ‘तिसोना’ तलवार आहे. कास्तिया व लेओनच्या प्रादेशिक शासनाने ती २००७ मध्ये विकत घेतली. तिची मूठ पंधराव्या शतकाच्या अखेरीच्या धाटणीची, म्हणजे एल सिदच्या सुमारे चारशे वर्षे नंतरची आहे, आणि पात्याच्या काळाबद्दलचा वाद मिटलेला नाही. स्पेनबाहेर लंडनच्या वॉलेस संग्रहात वाटीच्या मुठीच्या तलवारी पाहता येतात.